मुलाची मोटिलिटी टेस्ट: घरच्या तयारीपासून रिपोर्टपर्यंत

एंडोस्कोपी झाली, सोनोग्राफी झाली, रक्त तपासलं, सगळं नॉर्मल. तरी घास छातीत अडकतोच, जेवल्यावर उलट्या होतातच, नाहीतर आठ-आठ दिवस शी होत नाही. अशा वेळी डॉक्टर मोटिलिटी टेस्ट सुचवतात. आधीच्या तपासण्यांत पचनमार्ग दिसतो कसा ते कळतं. तो हलतो कसा ते कळत नाही. घशापासून गुदद्वारापर्यंतचे स्नायू एकापाठोपाठ एक आवळतात आणि सैलावतात, म्हणून अन्न पुढे सरकतं. हा ताल बिघडला तर फोटोत धडधाकट दिसणारं आतडंही काम करत नाही. बहुतेक मोटिलिटी टेस्टमध्ये हा तालच मोजतात, तोही दाबाच्या आकड्यांत. दाब मोजणाऱ्या तपासणीला मॅनोमेट्री म्हणतात.

मोटिलिटी टेस्ट म्हणजे एक तपासणी नव्हे. अन्ननलिकेची वेगळी, जठर आणि लहान आतड्याची वेगळी, मोठ्या आतड्याची वेगळी, शौचाच्या जागेची वेगळी. एखादी वीस मिनिटांत आटोपते, तर एखादीसाठी दोन-तीन दिवस दाखल व्हावं लागतं. म्हणून तारीख घेतानाच तपासणीचं पूर्ण नाव लिहून घ्या आणि डॉक्टरांना एक प्रश्न विचारा: हा रिपोर्ट असा आला तर काय करणार, आणि तसा आला तर काय? दोन्हीचं उत्तर एकच असेल, तर तपासणी आत्ता करायची गरज आहे का, हे मोकळेपणाने बोला. हा प्रश्न चांगल्या डॉक्टरांना आवडतो.

आधीचे आठ दिवस

पहिला विषय औषधांचा. आतड्याची हालचाल वाढवणारी औषधं, उदाहरणार्थ डॉमपेरिडोन, मेटोक्लोप्रामाइड, एरिथ्रोमायसिन, आणि ती मंदावणारी औषधं, म्हणजे पोटातल्या कळांवरची हायोसिनसारखी औषधं किंवा ओपिऑइड वेदनाशामकं, ही सगळी आकडे बदलतात. ती साधारण दोन-तीन दिवस आधी थांबवायला सांगतात. आम्ल मोजायची तपासणी असेल तर ओमेप्राझोलसारखी औषधं बहुधा सात दिवस आधी बंद होतात. पण औषध चालू असताना आम्ल किती दबतं हे पाहायचं असेल तर ती मुद्दाम चालू ठेवतात. म्हणून अंदाजाने काही करू नका. फिटची, हृदयाची, दम्याची औषधं आणि इन्सुलिन तर मनाने कधीच थांबवू नका. मूल घेत असलेल्या प्रत्येक गोष्टीची मात्रेसह यादी करा, त्यात चूर्णं, सिरप आणि व्हिटॅमिनच्या गोळ्याही लिहा, आणि कोणती कधी थांबवायची व परत कधी सुरू करायची हे प्रत्येकीपुढे लिहून घ्या.

यादीच्या खाली आणखी काही गोष्टी लिहायच्या. लॅटेक्सची, म्हणजे फुग्याच्या रबराची ॲलर्जी आहे का, कारण काही नळ्यांच्या टोकाला फुगा असतो. बधिर करणाऱ्या औषधाची ॲलर्जी आहे का. नाकातून वारंवार रक्त येतं का, नाकाचं हाड वाकडं आहे का. आणि भूल द्यायची असेल तर हलणारा दात. पाच-सात वर्षांच्या मुलांत तो बहुधा असतोच आणि सांगायचा नेमका तोच राहून जातो.

दुसरा विषय उपासाचा. भूल द्यायची असेल तर रूढ नियम असा: घन पदार्थ आणि फॉर्म्युला दूध सहा तास आधी बंद, आईचं दूध चार तास आधी बंद, पाणी आणि गाळलेले स्वच्छ द्रव दोन तास आधी बंद. नाकातून नळी घालायची असेल तरी पोट रिकामं लागतं. नाहीतर उबळ आली की उलटी होते आणि ती श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. जठराची हालचाल फार मंद असलेल्या मुलाच्या पोटात सहा तासांनंतरही अन्न उरू शकतं, त्यामुळे त्याला जास्त वेळ उपाशी ठेवायला सांगतील. तान्ह्या बाळाला किंवा मधुमेही मुलाला लांबलचक उपास झेपत नाही. त्यांचा नंबर सकाळी पहिला लावून मागा.

तिसरा विषय मुलाला सांगण्याचा. इथे आईवडील बहुतेक वेळा एका टोकाला जातात: महिनाभर आधी सांगून मुलाची झोप उडवतात, नाहीतर दारात पोचेपर्यंत काहीच सांगत नाहीत. दोन-तीन वर्षांच्या मुलाला त्याच दिवशी, निघण्याआधी थोडा वेळ सांगितलं तरी पुरतं. चार-सहा वर्षांच्या मुलाला एक-दोन दिवस आधी, शाळकरी मुलाला चार-पाच दिवस आधी. वयात येणाऱ्या मुलामुलींना सगळं खरं आणि पूर्ण सांगा. त्यांना दुखण्यापेक्षा लाज मोठी वाटते, म्हणून खोलीत कोण कोण असेल, अंगावर किती कपडे राहतील, तपासणारी व्यक्ती स्त्री असेल की पुरुष, हे आधीच ठरवून घ्या.

‘काही दुखणार नाही’ असं मात्र म्हणू नका. नळी नाकातून जाताना झोंबतं, डोळ्यांत पाणी येतं, घशाशी उबळ येते. हे पंधरा-वीस सेकंद वाईट असतात, मग सवय होते. एवढंच खरं सांगायचं. एकदा खोटं पडलं की पुढच्या तासभराच्या तपासणीत मूल तुमच्यावर विश्वास ठेवत नाही. खोलीतला नेहमीचा अनुभव असा, की नळीपेक्षा अविश्वास जास्त रडवतो.

अन्ननलिकेची मॅनोमेट्री

घास अडकणं, छातीत दुखणं, खाल्लेलं न पचता परत तोंडात येणं, यासाठी ही तपासणी करतात. अकॅलेशिया नावाच्या विकारात अन्ननलिकेच्या तळाची झडप गिळताना उघडत नाही. तो पकडायला याहून चांगली तपासणी नाही.

तपासणी जागेपणी होते, कारण मुलाला गिळायला सांगायचं असतं. नाकपुडीत बधिर करणारी जेल लावतात. मग बोरूइतकी बारीक, लवचिक, अंगावर दाब मोजणारे सेन्सर असलेली नळी नाकातून घशात आणि तिथून जठरात जाते. ती घशाच्या मागच्या भिंतीला टेकली की मुलाने हनुवटी छातीला लावायची आणि स्ट्रॉने पाण्याचे घोट घ्यायचे. हनुवटी खाली गेल्याने अन्ननलिकेची वाट सरळ होते आणि घोट गिळताना श्वासनलिका आपोआप झाकली जाते, म्हणून नळी त्या क्षणी पुढे सरकवतात. नेमकी उलटी गोष्ट मुलं करतात: घाबरून मान मागे टाकतात. त्यामुळे हनुवटी खाली ठेवून स्ट्रॉने पाणी प्यायचा सराव आठवडाभर घरी खेळ म्हणून करून घ्या.

नळी गालाला चिकटवली की मूल उताणं झोपतं आणि पाच-दहा मिनिटं काहीच करायचं नसतं. मग सिरिंजने तोंडात थोडं पाणी सोडतात, मोठ्या मुलाला ५ मिलिलिटर, लहानाला त्याहून कमी, आणि ‘गिळ’ म्हटल्यावर एकदाच गिळायचं. पुढचे सुमारे ३० सेकंद गिळायचं नाही, बोलायचं नाही. असे साधारण दहा घोट. त्यानंतर काही ठिकाणी भरभर पाच घोट गिळायला लावतात, काही ठिकाणी बसवून किंवा घट्ट पदार्थ देऊन पाहतात. एकूण वेळ अर्धा ते पाऊण तास.

खरी अडचण त्या ३० सेकंदांची आहे. नळीमुळे तोंडात लाळ सुटते आणि मूल सारखं गिळत राहतं. एका गिळण्यामागोमाग दुसरं आलं की पहिल्याची लाट मेंदूकडूनच थांबवली जाते. तो शरीराचा नियम आहे, आजार नव्हे, पण आलेखात लाट अर्धवट दिसते आणि तो घोट बाद धरावा लागतो. यालाही सराव हाच उपाय: एक छोटा घोट, मग मनात तीसपर्यंत आकडे. पाच वर्षांच्या पुढच्या बहुतेक मुलांना जमतं. रडणं, खोकणं, हसणं यांनी पोटाचा दाब उसळतो, म्हणून मोबाइलवर शांत गाणं किंवा चित्रफीत चालेल, विनोदी नको.

सर्दी असेल तर तारीख पुढे ढकला. चोंदलेल्या नाकातून नळी घालणं मुलासाठी आणि घालणाऱ्यासाठीही शिक्षा आहे.

शौचाच्या जागेची मॅनोमेट्री

जुनी बद्धकोष्ठता असलेल्या मुलांत हीच सगळ्यात जास्त केली जाते. नावानेच आईवडील हादरतात, पण सगळ्या मॅनोमेट्रींत ही सोपी आहे. भूल लागत नसेल तर उपासही बहुधा लागत नाही. गुदाशय रिकामा हवा, त्यासाठी आदल्या रात्री किंवा सकाळी एनिमा देतात. कोणता आणि किती हे डॉक्टरच ठरवतील. मोठ्यांसाठीचा फॉस्फेट एनिमा घरात पडून आहे म्हणून बाळाला देऊ नका, त्याने रक्तातले क्षार धोकादायक प्रमाणात बिघडू शकतात.

मूल डाव्या कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन झोपतं. वंगण लावलेली, पेन्सिलीपेक्षा बारीक नळी काही सेंटिमीटर आत जाते. तिच्या टोकाला छोटा फुगा असतो. आधी काही न करता दाब मोजतात. मग ‘शी रोखून धर’ म्हणतात, मग ‘शी करताना लावतोस तसा जोर लाव’ म्हणतात. शेवटी फुग्यात टप्प्याटप्प्याने हवा भरतात आणि पहिल्यांदा कळलं कधी, लागल्यासारखं वाटलं कधी, रोखणं कठीण कधी झालं, हे विचारतात. हे प्रश्न घरी आधी ऐकवून ठेवा, कारण अनेक मुलं लाजून सगळ्यालाच ‘नाही’ म्हणतात आणि रिपोर्टात संवेदना कमी असल्याचं लिहिलं जातं. सगळं मिळून वीस-तीस मिनिटं.

फुगा फुगला की आतली झडप आपोआप सैल पडायला हवी. ही प्रतिक्षिप्त क्रिया मुलाच्या इच्छेवर नसते, म्हणून ती झोपलेल्या बाळातही तपासता येते. ती दिसली तर हर्शस्प्रुंगचा आजार जवळजवळ बाद होतो. या आजारात मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागात मज्जातंतूंच्या पेशीच नसतात. डॅनिश बालरोगतज्ज्ञ हाराल्ड हर्शस्प्रुंग यांनी १८८६ मध्ये त्याचं वर्णन केलं. क्रिया दिसली नाही म्हणजे मात्र आजार ठरला असं नाही. गुदाशयात शी उरली असेल, तो वर्षानुवर्षांच्या साठ्याने ताणून मोठा झाला असेल आणि फुगा पुरेसा फुगवला नसेल, किंवा मूल रडत असेल, तरी ती दिसत नाही. निदान पक्कं होतं ते गुदाशयाच्या बायोप्सीनेच.

मोठ्या मुलांत याहून जास्त वेळा वेगळंच सापडतं: जोर लावताना बाहेरची झडप सैल सोडण्याऐवजी मूल ती आवळतं. एकदा दुखल्यामुळे रोखायची सवय लागलेली असते. यावर शस्त्रक्रिया नाही, शिकवणं आहे. पडद्यावर स्वतःच्या दाबाचा आलेख बघत मूल योग्य स्नायू सोडायला शिकतं. मोठ्या मुलांना कधी पाण्याने भरलेला छोटा फुगा कमोडवर बसून बाहेर टाकायला सांगतात, खोलीत कोणी न थांबता.

मोठ्या आतड्याची मॅनोमेट्री

ही मोठी तपासणी. औषधांना दाद न देणारी बद्धकोष्ठता असेल आणि शस्त्रक्रियेचा किंवा पोटावरून एनिमा देण्याच्या मार्गाचा विचार चालू असेल, तेव्हाच ती करतात.

सगळी भिस्त आतडं साफ होण्यावर. पॉलिइथिलीन ग्लायकॉलचं द्रावण पाजून किंवा नाकातल्या नळीने देऊन एक-दोन दिवस आतडं धुतात. त्या काळात फक्त गाळलेले द्रव. वर्षानुवर्षं साठा असलेल्या मुलाला जास्त वेळ लागतो, तेव्हा दोन दिवस धरून ठेवा. शी पिवळट पाण्यासारखी, कण नसलेली झाली की साफ झालं समजायचं. ‘बऱ्यापैकी पातळ’ म्हणजे साफ नव्हे. गाळ राहिला तर नळी पुढे जातच नाही आणि भूल फुकट जाते.

पूर्ण भूल देऊन कोलोनोस्कोपीने नळी आतड्यात नेतात आणि बऱ्याच ठिकाणी छोट्या क्लिपने आतल्या अस्तराला अडकवतात. एक्स-रे काढून जागा पाहतात. नोंद बहुधा दुसऱ्या दिवशी सुरू होते, कारण भुलीच्या औषधांनी आतडं सुस्तावलेलं असतं. आधी तास-दोन तास उपाशीपोटी, मग जेवण आणि पुढचा तास, मग नळीतून बिसाकोडिल हे रेचक आणि आणखी एक तास.

तज्ज्ञ शोधत असतात त्या जोरदार, पुढे सरकत जाणाऱ्या लाटा. निरोगी आतड्यात जेवल्यावर हालचाल वाढते आणि बिसाकोडिल दिल्यावर या लाटा येतात. रेचकानंतर पोटात मुरडा येतो, शी लागते. मुलाला आधीच सांगून ठेवा की पोटात कळ आली तर चांगलंच, तिचीच वाट पाहतोय. ते कळ दाबून ठेवायला लागलं तर नुसता गोंधळ होतो. शी बेडपॅनवर किंवा पलंगाजवळच्या कमोडवर करायची. जास्तीच्या चड्ड्या आणि पातळ चादर बरोबर ठेवा. पाच-सहा तास एका जागी राहायचं असतं, तेव्हा रंगकाम, पत्ते, चार्जर असं पुष्कळ काही न्या. जेवण मात्र मूल खात्रीने खाईल असं हवं, कारण दोन घास खाऊन ताट सारलं तर जेवणानंतरची नोंद वाचता येत नाही. चालेल का, हे आधी विचारून त्याच्या आवडीचं न्या.

नळी हलकेच ओढून काढतात, भूल लागत नाही. क्लिप नंतर आपोआप सुटून शीतून जाते. तोवर एमआरआय काढायची वेळ आली तर क्लिप आहे हे आवर्जून सांगा.

जठर आणि लहान आतडं

सतत उलट्या होणाऱ्या, नळीवाटे किंवा शिरेतून अन्न घेणाऱ्या मुलांत ही मॅनोमेट्री करतात. नळी नाकातून जठर ओलांडून लहान आतड्यात जाते. ती एंडोस्कोपीने किंवा एक्स-रेखाली बसवतात. उपाशीपोटी तीन-चार तास नोंद करावी लागते. उपाशी आतड्यात दर दीड-दोन तासांनी एक सफाईची लाट वरून खाली जाते आणि उरलेसुरले कण झाडून नेते. ती पकडायची तर वाट पाहणं आलं. मग एरिथ्रोमायसिनचा छोटा डोस शिरेतून देतात. हे प्रतिजैविक इथे जंतूंसाठी नाही. लाट सुरू करणाऱ्या मोटिलिन या संप्रेरकाची नक्कल ते करतं. त्यानंतर जेवण आणि आणखी एखादा तास. लाटा क्रमाने पण अशक्त असतील तर दोष स्नायूंचा, जोरदार पण विस्कळीत असतील तर मज्जातंतूंचा, असा ढोबळ ठोकताळा आहे.

नळी न घालता होणाऱ्या तपासण्या

जठर किती वेळात रिकामं होतं हे पाहायला अंड्यासारख्या पदार्थात, बाळाच्या बाबतीत दुधात, किरणोत्सर्गी टेक्नेशियमचा अगदी थोडा अंश मिसळतात आणि कॅमेऱ्याखाली चार तासांपर्यंत फोटो घेतात. सुई नाही, दुखणं नाही. फक्त ते जेवण साधारण दहा मिनिटांत संपवायचं असतं. मोठ्यांत चार तासांनी १० टक्क्यांहून जास्त अन्न उरलं तर जठर मंद मानतात. मुलाने अर्धं टाकलं किंवा मधेच उलटी केली तर लगेच सांगा. गरोदर आईने तपासणीआधी कल्पना द्यावी.

मार्कर टेस्टमध्ये एक्स-रेवर दिसणारी बारीक कडी असलेली कॅप्सूल गिळायची असते. एका प्रचलित पद्धतीत २४ कडी असतात आणि पाचव्या दिवशी एक्स-रे काढतात. पाचाहून जास्त उरली आणि ती सगळीकडे विखुरलेली असतील तर आतडं मंद. गुदाशयाजवळ गोळा झालेली असतील तर अडचण दाराशी. हे पाच दिवस रेचक द्यायचं नाही. चौथ्या दिवशी दया येऊन घरी कोणीतरी ‘एकच चमचा’ देतं आणि सगळं वाया जातं.

जठरातलं आम्ल आणि इतर द्रव अन्ननलिकेत किती वर चढतं हे मोजणाऱ्या आम्ल-इम्पिडन्स तपासणीला नळी लागते, पण ती अगदी बारीक. नाकातून अन्ननलिकेत जाऊन ती २४ तास राहते, बाहेर छोटं यंत्र खांद्याला. खोकला, रडणं, उलटी, जेवण, झोप, प्रत्येकाची वेळ बटण दाबून आणि वहीत नोंदवायची. घड्याळ मोबाइलचं नाही, यंत्राचं पाहायचं. पाच मिनिटांचा फरकही खोकला आधी की आम्ल आधी याचा निकाल उलटवतो. मूल एरवी खातं-खेळतं तसंच खाऊ-खेळू द्या, आंघोळ तेवढी नको. बाळ नळी ओढतं, म्हणून ती कानामागून पाठीवर कपड्याच्या आत सोडा आणि हातात मोजे घाला.

घरी आल्यावर

नाकात-घशात एखादा दिवस खवखवतं, शिंकरताना रक्ताचा ठिपका दिसतो, गुदद्वाराशी थोडं झोंबतं. याने घाबरायचं कारण नाही. पोट फुगून कडक होणं, वाढत जाणारी पोटदुखी किंवा छातीतली कळ, ताप, हिरवी उलटी, धाप लागणं, शीतून ताजं रक्त येत राहणं, यांपैकी काहीही झालं तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठा. आतड्याला छिद्र पडणं फार विरळ आहे, पण पडलं तर तासांचा हिशेब असतो.

रिपोर्टला काही दिवस लागतात, कारण तासन्‌तासांचा आलेख कोणाला तरी बसून वाचावा लागतो. निरोगी मुलांना उगीच नळ्या घालता येत नाहीत, त्यामुळे मुलांसाठीचे ‘नॉर्मल’ आकडे थोडे आहेत आणि बऱ्याच सीमा मोठ्यांकडून उसन्या घेतल्या आहेत. म्हणून एकट्या आकड्यावरून निकाल लावू नका. तपासणीच्या वेळी मूल शांत होतं की रडत होतं, किती घोट बाद झाले, जेवण किती खाल्लं, औषधं खरंच बंद होती का, हे रिपोर्टात लिहिलं आहे का ते पाहा. नसेल तर लिहून मागा. रिपोर्टच्या कागदासोबत मूळ आलेखाची प्रतही घ्या, पुढच्या वेळी तुलना त्याच्याशीच होईल. आणि दवाखान्यातून निघण्याआधी औषधांच्या त्या यादीत परत सुरू करायच्या तारखा भरल्या आहेत ना, हे बघा; बद्धकोष्ठतेचं रेचक परत सुरू करायचं राहिलं तर धुऊन काढलेलं आतडं काही दिवसांत पुन्हा भरतं.